धुराचं शेपूट

ऑफिसातून कुणी दिवाळीची मिठाई घरी आणतं, कुणी सर्दी आणतं. हर्षालीनं ‘सेम पेज’ आणलं. ते मिठाईच्या आधी वाटलं गेलं आणि सर्दीच्या आधी पसरलं.

ऑफिस नाशकात, सगळं काचेचं. तिथं बसून ती साता समुद्रापलीकडच्या माणसांशी फोनवर बोलायची. त्यांचा कॉम्प्युटर अडला, की हिच्या कानात घंटी. समोरचा माणूस कॉम्प्युटरवरून घसरून आपल्या मांजरावर आला आणि मांजरावरून सोडून गेलेल्या बायकोवर यायला लागला, की हर्षालीनं मधाळ आवाजात म्हणायचं, “सर, वी आर ऑन द सेम पेज!” की फोन खाली. साहेब खूश. ते बोलणं तिच्या जिभेला असं चिकटलं, की मखमलाबादला घरी आली तरी सुटेना.

“म्हणजे काय गं ते?” तिच्या आजीनं, कुसाबाईनं, लसूण सोलता सोलता विचारलं.

“म्हणजे आजी, तुला जे कळलंय तेच मला कळलंय. दोघींनी पुस्तकाचं एकच पान उघडलंय, असं समज.”

कुसाबाईनं लसणाची पाकळी हातात तशीच धरली. “दोघींना तेच कळलेलं हाय, तर मग बोलायचं कशाला? चहा पिऊन उठावं ना.”

“म्हणून तर फोन ठेवतात!”

“आत्ता गं बाई! म्हणजे ‘ऊठ आता’ हे गोड करून सांगायचं.”

कुसाबाईला ते लयच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून घरात दुसरी भाषा राहिली नाही. हर्षालीचा बाप पुंजा वायरमनला फोनवर म्हणायला लागला, “भाऊ, आपण सेम पेजवर नाय. तुमच्या पानावर लाईट हाय, माझ्या पानावर अंधार हाय.” आई उज्वला आमटीची चव घेऊन म्हणायची, “मीठ सेम पेजवर आहे का बघा गं जरा.” हर्षालीनं कपाळाला हात लावला, पण उज्वलाला मीठही बरोबर वाटलं आणि इंग्रजीही. कुसाबाईनं तर दारातल्या शेळीला बजावलं, “मेथी ग्वाड लागती, इथपर्यंत आपण सेम पेजवर हाये. पुढचं पान माझं.” शेळीनं म्हणे मान हलवली, आणि मेथी खाल्ली.

अशी सगळी मजा चाललेली असताना रुद्रनं कॅन्टीनमध्ये समोर बसून तो विषय काढला.

रुद्र तिच्याच ऑफिसातला, मागच्या रांगेतला. दोघांचं जमून वर्ष होऊन गेलं होतं, फक्त घरच्यांनी हो म्हणायचं बाकी होतं. रुद्रच्या जेलरोडच्या घरात ‘हो’ म्हणायचा मान एकट्या आजोबांचा. सावळीराम त्यांचं नाव, पण सगळे आबाच म्हणायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सगळी नोकरी करून रिटायर झालेले.

“आबा मुलीला काहीच विचारत नाहीत,” रुद्र म्हणाला. “स्वयंपाक येतो का, नोकरी सोडशील का, काही नाही.”

“मग छानच की.”

“ते फक्त एक गोष्ट सांगतात. ती ऐकायची. मध्ये मध्ये हूं म्हणायचं.”

“एवढंच?”

रुद्र समोशाचा कोपरा कुरतडत राहिला. “ललितदादाच्या वेळची मुलगी हुशार होती गं. एमबीए होती. गोष्ट जरा कुठं रंगात यायला लागली आणि ती म्हणाली, ‘ओके आबा, पॉइंट आला लक्षात.’ आबांनी टोपी घातली. आई चपला शोधायला पळाली. संपलं. ललितदादा अजून रोज भांग पाडून तयार असतो.”

हर्षालीनं आपला समोसा ताटलीत परत ठेवला. बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचं, याच कामासाठी तिला पगार मिळत होता. ऑफिसच्या भिंतीवर तिचा फोटो लागला होता तो त्याच्यासाठीच! दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत तिला त्याचं दुखणं कळायचं आणि कळलं की तोंड आपोआप उघडायचं. उद्या आबा म्हणणार ‘एकदा काय झालं’, आणि हिच्या तोंडून जाणार ‘सेम पेज’. झालं! ललितदादाच्या शेजारी रुद्रही भांग पाडत बसणार.

घरी येऊन तिनं आजीला गाठलं. “आजी, मला हूं म्हणायला शिकव.”

कुसाबाई हसून हसून पाटावरून खाली आली. “हूं शिकायचा? उद्या म्हणशील शिंक शिकव!”

पण शिकवणी लागली. रोज संध्याकाळी हर्षालीनं समोर बसायचं आणि कुसाबाईनं थाप मारायची. थापांना तोटा नव्हता. कुसाबाईचं माहेर देवळ्याचं, आणि तिच्या तोंडून ऐकावं तर देवळ्याला घडलं नाही असं जगात काही उरलंच नव्हतं.

“आमच्या देवळ्याला एका सालाला असा कांदा आला, असा कांदा आला, की तो कांदाचाळीत मावंना.”

“हूं,” हर्षाली म्हणाली.

“हा काय हूं हाय? दाताच्या डॉक्टरकडं बसलीस का? खालून आण, पोटातून.”

“हूंऽ.”

“हां. तर कांदा चाळीत मावंना, म्हणून शेवटी आम्ही कांद्यातच चाळ बांधली.”

“काहीतरीच!”

लसणाची एक पाकळी येऊन कपाळावर बसली. “काहीतरीच नाय म्हणायचं. तेच हूं मध्ये घालून म्हणायचं. हूं म्हणजे काय, मी पटलं म्हणत नाय, मला कळलं म्हणत नाय. मी नुसती दाराची कडी काढून ठेवलीय, तू ये. खोटं बोलतोय हे ठाऊक हाय तरी ये, असाबी एक हूं असतो. तो वर चढवून सोडायचा. भ्यायल्याचा हूं निराळा, तो दात दाबून. आन् सांगणारा दमला तर त्याला पाण्यासारखा एक हूं द्यायचा.”

हर्षालीनं वर चढवून सोडला. शेळीनं मान वर केली.

“ग्वाड! तर कांदा कापायला करवत आणली. करवत फिरली मात्र, अख्खा तालुका रडायला लागला. तलाठी रडला. एस्टीचा कंडक्टर रडत रडत तिकिटं फाडत होता. अक्काबाई आन् गोजराबाई, दोघी जावा, एका बांधावरून कैक वर्षं बोलत नव्हत्या. त्यांनी एकमेकींच्या डोळ्यात पाणी बघितलं. हिला वाटलं, ती माझ्यासाठी रडती. तिला वाटलं, ही माझ्यासाठी. पडल्या की गळ्यात! कांदा सरला, डोळे सुकले, तरी दोघी अजून एका ताटात जेवत्यात.”

“म्हणजे दोघी सेम पेजवर नव्हत्याच!”

लसणाचा अख्खा गड्डा आला.

रविवार उजाडेपर्यंत हर्षालीच्या अंगाला लसणाचा वास लागला होता, पण हूं तयार झाला होता. ऑफिसात एका गोऱ्या आजोबांचं बोलणं तिनं चुकून हूं हूं करत पूर्ण ऐकलं. मांजर, बायको, बायकोचा दुसरा नवरा, सगळं. आजोबांनी शेवटी कॉम्प्युटर आपला आपणच सुरू केला आणि साहेबांनी हर्षालीला आत बोलावून घेतलं, ते निराळं.

पाहुणे यायच्या आधी कुसाबाईनं फर्मान काढलं, “पोहे करायचे नाय.”

“आत्याबाई, मुलगी दाखवायला पोहे नाहीत?” उज्वला हबकली.

“तोंडात पोहे असल्यावर हूं कुठून निघंल? चहा द्या. आन् मी आज एक शब्द बोलणार नाय, बरं का. पोरीच्या लग्नाचा सवाल हाय.”

पुंजानं आईकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं. उज्वलानं गुपचूप बेसनाच्या लाडवांचा डबा हाताशी आणून ठेवला.

आबा आले. रुद्र आला, त्याची आई वत्सलाबाई आली. आबा अंगानं काडी, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल अशी. खुर्चीवर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चहा न फुंकता प्यायले. हर्षाली समोर बसली. रुद्र सारखा सुटका मागितल्यासारखा पंख्याकडं बघत होता आणि सारखा पुन्हा तिच्याकडं.

“एकदा काय झालं,” आबा म्हणाले, “एकलहऱ्याला थंडी पडली.”

“हूं,” हर्षाली म्हणाली. पोटातून.

आबांची मिशी जराशी हलली. “थंडी म्हणजे कसली? निफाडची थंडी आमच्याकडं शाल मागायला आली. चहा कपात ओतायच्या आत दांडीसारखा उभा राहायचा, आम्ही तो मोडून खायचो.”

“हूंऽऽ.” वर चढवून.

“आणि सकाळी बघतो तर काय, चिमणीतला धूर गोठलेला. आतच. घट्ट. खालून आग चालू, वरून धूर निघेना. साहेब लोक रडकुंडीला आले. सगळे माझ्याकडं आले. सावळीराम, तू चढ. म्हटलं, चढतो.”

हर्षालीनं दात दाबून भ्यायल्याचा हूं दिला. वत्सलाबाईंनी उज्वलाच्या मांडीवर हळूच चापट मारली. बरं चाललंय, अशी. ललितच्या वेळची मुलगी इथवर पोचलीच नव्हती.

आबा खुलले. चिमणीवर चढताना त्यांना वाटेत एक घार भेटली, ती दमून परत निघाली होती. वर पोचल्यावर त्यांनी धुराला बांबूनं ढोसलं, पाय लावून रेटलं, शिवी दिली. शिवी दिल्यावर तो हलला. सरसर सरसर करत धुराचा अख्खा खांब चिमणीतून वर निघाला आणि आबा त्याच्या टोकावर घोड्यावर बसावं तसे बसलेले. हर्षालीला गंमत वाटायला लागली. आता हूं आपोआप यायला लागला, आठवावा लागेना. ती पुढं सरकून बसली. खाली गोदावरी चांदीच्या तारेएवढी दिसत होती, पंचवटीतली माणसं मोहरीएवढी, आणि त्यातली एक मोहरी आबांची बायको होती, ती खालून ओरडत होती की स्वेटर घाला.

“वारा सुटला,” आबा म्हणाले. “खांब आडवा झाला आणि निघाला मला घेऊन हरसूलकडं.”

आणि तेवढ्यात डाव्या बाजूनं आवाज आला. “देवळ्याकडं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. कुसाबाईनं तोंडावर हात ठेवला होता, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

उज्वलानं चपळाईनं सासूच्या तोंडात लाडू दिला. आबा खाकरले. “तर हरसूलकडं. हरसूलचा त्या दिवशी बाजार.”

कुसाबाईनं लाडू अख्खा गिळला. कसा, ते तिलाच ठाऊक. “आबा, राग मानू नका. तो धूर देवळ्याला आल्ता. मी माहेरी होते. सकाळी बघते तर अंगणावर आडवा धुराचा वासा! मी त्याच्यावर कुरडया वाळत घातल्या.”

“बाई, धूर मी नेला. मला ठाऊक, का तुम्हाला?”

“कुरडया मी खाल्ल्या! अजून धुराचा वास येतो ढेकराला.”

“वारा हरसूलकडं होता!”

“खोटं शे!” कुसाबाई कडाडली. चिडली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची. ती आली म्हणजे आता देवही मध्ये पडत नसे.

“आई, आपण सेम पेजवर...” पुंजानं आगीवर पाणी टाकायचा प्रयत्न केला.

“मी माझ्या पानावर हाय! मी कशाला उठू?”

“तीस-चाळीस वर्षं ही गोष्ट सांगतोय मी,” आबा म्हणाले. “कुणी कधी तोंड घातलं नाही. सगळ्यांना कळली. सगळे हो हो म्हणाले.” आणि त्यांचा हात मांडीवरच्या टोपीकडं गेला.

वत्सलाबाई सवयीनं उठल्या आणि दारातल्या चपला जुळवायला लागल्या. रुद्रचा चेहरा मैद्यासारखा झाला. हर्षालीच्या डोळ्यांपुढं दोन भाऊ आरशासमोर उभे राहिले, दोघांच्या हातात फणी.

तिच्या जिभेवर ते आलं. आलंच. मधाळ आवाज तयार, ओठ तयार. आबा, तुम्हीही बरोबर, आजी, तूही बरोबर, आपण सगळे सेम पेजवर, चला फोन ठेवूया. रोज कितीतरी माणसं तिनं अशी मिटवली होती. तिनं तोंड उघडलं आणि तिला दिसलं, की खरं म्हणजे तिला काहीच मिटवायचं नाहीये. धुराचा तो आडवा खांब तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यात एक गोष्ट मघापासून टोचत होती.

“आबा,” ती म्हणाली, “मला नाही कळलं.”

टोपी डोक्याजवळ येऊन थांबली. रुद्रनं डोळे मिटून घेतले. उज्वलाच्या हातून लाडवाच्या डब्याचं झाकण पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं, कुणी त्याला धरलं नाही.

“काय नाही कळलं?” आबा म्हणाले.

“तुम्ही खांबाच्या टोकावर बसला होतात ना? म्हणजे तोंडाकडं. तुम्ही हरसूलला पोचलात तेव्हा त्याचं शेपूट कुठं होतं?”

आबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मिशीची दोन्ही टोकं हळूहळू खाली आली.

“शेपूट,” ते म्हणाले.

“हो. एवढ्या मोठ्या चिमणीतला धूर, रात्रभराचा साठलेला. तो काय हातभर असणार? तुम्ही हरसूलला उतरलात, पण मागचा खांब कुठवर होता? तुम्ही मागं वळून बघितलंत?”

आबांनी टोपी हळूच परत मांडीवर ठेवली. भिंतीवरून धूर जावा तशी त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. “नाही गं,” ते शेवटी म्हणाले. “मागं बघायचं राहूनच गेलं. आजवर कुणी विचारलंच नाही. ज्याला सांगितली त्याला कळली. हो आबा, वा आबा, कळलं आबा. मीही मग हरसूलच्या बाजारात नागलीच्या दाण्यांच्या ढिगावर उतरायचो आणि संपवायचो.” त्यांनी कुसाबाईकडं बघितलं. या वेळी नीट बघितलं. “कुरडया तांदळाच्या होत्या, का गव्हाच्या?”

“गव्हाच्या,” कुसाबाई म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता. खरं बोलणाऱ्या माणसासमोर थाप मारताना व्हावं तसं तिला झालं होतं.

“आणि वासा कसा होता? जाड, की निमुळता?”

कुसाबाईला माणसाच्या चेहऱ्यावरची भूक कळायची. तिनं पदर खोचला. “निमुळता. शेवटाला तर शेळीच्या शेपटाएवढा.”

“मग ते शेपूटच!” आबा खुर्चीतून अर्धे उठले. “अरे, तेच शेपूट! बघ रुद्र्या, तोंड हरसूलला, शेपूट देवळ्याला, आणि मधल्या अख्ख्या नाशकावर सावली! म्हणून त्या दिवशी लोक दुपारी दिवे लावून जेवले, आता आठवलं मला!”

“आन् हरसूलला ऊन पडलं, तसा वासा तिकडून विरघळत आला,” कुसाबाई म्हणाली. “माझ्या कुरडया सरकायला लागल्या. मी धावले, एक हात शेपटाला, एक हात कुरडयांना.”

“सोडलंत की काय?”

“सोडते काय! गेले की वर!”

आबांनी मांडीवर थाप मारली. वत्सलाबाई दारात उभ्या होत्या, दोन्ही हातात आबांची एकेक चप्पल घेऊन. थांबावं का ठेवावं, त्यांना समजेना. पुंजानं त्यांच्या हातातून चपला काढून घेतल्या आणि स्वतःच कुठंतरी नेऊन ठेवल्या. कुठं, ते संध्याकाळी कुणालाच सापडलं नाही.

आता गोष्ट कुणाची, हे सांगता येईना. कुसाबाई शेपटाला लोंबकळत चांदवडच्या डोंगरावरून येत होती, ओच्यात कुरडया. आबा तोंडाकडून तिला हाका मारत होते, पण मध्ये एवढा धूर की हाक पोचायला संध्याकाळ होत होती. सकाळी विचारलेलं, जेवलात का? ते संध्याकाळी ऐकू यायचं. दोघं एकमेकांना दुरुस्त करत होती, एकमेकांवर खेकसत होती, एकमेकांच्या थापा उचलून स्वतःच्या खांद्यावर घेत होती. चहा पुन्हा झाला. उज्वलानं न सांगता पोहेही टाकले.

कोपऱ्यात उज्वला हर्षालीच्या कानाशी आली. “ठरलं का गं?”

“माहीत नाही,” हर्षाली म्हणाली. तिनं रुद्रकडं बघितलं. रुद्रनं खांदे उडवले. त्याला आपण इथं कशासाठी आलो तेच आठवेनासं झालं होतं. तो तोंड उघडं टाकून चांदवडच्या डोंगराकडं बघत होता. हर्षालीचंही लक्ष तिकडंच ओढलं गेलं. आजी आता डोंगराच्या कड्याला आपटणार, का वरून जाणार?

आणि त्यातच कुठंतरी आबा एकदम थांबले. कुसाबाईही थांबली. दोघं हवेत, एक हरसूलवर, एक चांदवडवर.

आबांनी मान न वळवता, डोंगरावरची नजर न काढता, हात हर्षालीकडं केला आणि बोटं हलवली.

“नातसूनबाई,” ते म्हणाले, “हुंकार कुठं गेला?”

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. रुद्रनं उडी मारली आणि त्याचं डोकं फळीला लागलं. हर्षालीनं असा हूं दिला, असा हूं दिला, की गॅसवरचे पोहे करपायला लागले तरी त्यांचा वास कुणाला आला नाही, आणि आजी डोंगराच्या वरून, पदर उडवत, पार झाली.